शक मुळात आले कुठून? शिओंगनू, युएची, वूसुन यांच्या लढायांबद्दल कोणी नीट सांगेल का

गोवर्धनकर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा प्रश्न टाकतेय. मी नाशिकची. मागच्या रविवारी लेकीला घेऊन पांडवलेण्यांवर गेले होते, ती नववीत आहे. तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, त्यात तिच्या मुलाला म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीला शक, यवन, पह्लव यांचा नाश करणारा म्हटलंय, हे मी मोठ्या उत्साहाने सांगितलं. तर ती म्हणाली, आई, हे शक आले कुठून? मी म्हटलं मध्य आशियातून, भटके लोक होते ते. ती म्हणाली भटके म्हणजे उगाच भटकत भटकत नाशिकपर्यंत आले का? आणि मला पुढे काहीच सांगता येईना.

तेव्हापासून रोज रात्री वाचतेय आणि गुंता वाढतच चाललाय. शकांना युएचींनी हाकललं, युएचींना शिओंगनूंनी, मग मध्येच वूसुन येतात आणि ते पुन्हा युएचींनाच हाकलतात. नावं तर पाठ झाली पण डोळ्यासमोर काही उभं राहत नाही. ज्यांच्याकडे शहर नाही, तटबंदी नाही, फारशी शेती नाही ते एकमेकांशी लढत होते तरी कशासाठी, जिंकल्यावर हातात काय येत होतं? ह्यांना राज्य म्हणायचं की टोळी? आणि हरल्यावर अख्खाच्या अख्खा समाज उठून हजार-हजार किलोमीटर जातो म्हणजे नक्की काय होतं, आपल्याकडे तर राजा हरला तरी गाव तिथेच राहायचं. कोणाचा ह्या विषयाचा अभ्यास असेल तर प्लीज सविस्तर लिहा, लेकीला वाचून दाखवणार आहे.

माळरान

ताई, तुमच्या लेकीने बरोबर जागी बोट ठेवलंय. उगाच कोणी भटकत नव्हतं. प्रत्येक समाजाची उन्हाळ्याची कुरणं ठरलेली, हिवाळ्याची ठरलेली, मधल्या वाटा आणि पाणवठे ठरलेले. ती वाट दुसऱ्याने बळकावली की कळप मरतो आणि कळप मेला की माणसं मरतात, एवढं धरून पुढचं वाचा म्हणजे लढाया आपोआप उलगडतील.

सुरुवात इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या शेवटी. आजच्या मंगोलियाच्या बाजूला शिओंगनू, त्यांच्या पूर्वेला दोंगहू, आणि नैर्ऋत्येला आजच्या वायव्य चीनमधल्या गान्सूच्या पट्ट्यात, दुनहुआंग आणि छिलिएन डोंगर यांच्या दरम्यान, युएची. त्या वेळी वरचढ होते युएची. ह्याचा पुरावा म्हणजे शिओंगनूंचा चानयू, म्हणजे त्यांचा राजा, तौमान, त्याने स्वतःचा थोरला मुलगा मोदू युएचींकडे ओलीस म्हणून ठेवला होता. ओलीस कमकुवत बाजूच पाठवते. आता तौमानला धाकट्या राणीच्या मुलाला गादीवर बसवायचं होतं, म्हणून मोदू तिकडे असतानाच त्याने युएचींवर हल्ला केला, हेतू हा की युएचींनीच त्याला मारून टाकावं. मोदूने युएचींचा एक उत्तम घोडा पळवला आणि निसटून घरी आला. बापाला त्याची हिंमत आवडली, त्याने १०,००० स्वार त्याच्या हाताखाली दिले.

मग मोदूने शीळ घालणारे बाण बनवून घेतले आणि हुकूम काढला की माझा शीळवाला बाण जिथे जाईल तिथे सगळ्यांनी बाण मारायचा, जो कचरेल त्याचं डोकं उडवणार. आधी शिकारीत सराव. मग स्वतःच्या लाडक्या घोड्यावर बाण सोडला, काही जण थबकले, त्यांना मारलं. मग स्वतःच्या लाडक्या बायकोवर. परत काही थबकले, त्यांनाही मारलं. मग बापाच्या घोड्यावर, तेव्हा कोणीच थबकलं नाही. मग बापावर. इ.स.पू. २०९. मला ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा झोप लागली नव्हती, खरंच.

पुढे दोंगहूंनी त्याला जोखायला त्याचा सर्वात चांगला घोडा मागितला, दिला. मग एक राणी मागितली, तीही दिली. मग दोघांच्या मधली ओसाड पट्टी मागितली, कोणी राहत नव्हतं तिथे, दरबारातले काही म्हणाले देऊन टाका. तिथे मोदू भडकला, म्हणाला जमीन हे राज्याचं मूळ आहे, ती कशी देता येईल, आणि तसाच घोड्यावर बसून दोंगहूंवर चालून गेला. ते बेसावध होते, मोडलेच. त्यांच्यातले उरलेले पुढे वूहुआन आणि शिएनपेई म्हणून ओळखले गेले. तिथून वळून तो युएचींवर गेला.

राज्य की टोळी ह्यावर माझं ठाम मत आहे की राज्य. २४ मोठे सरदार, डावा आणि उजवा असे दोन भाग, प्रत्येकाचे हजारी, शंभरी, दहावाले नायक. शरदात घोडे पुष्ट झाले की सगळे एकत्र जमायचे आणि माणसांची आणि जनावरांची मोजणी व्हायची. मोजणी आहे म्हणजे वसुली आहे, वसुली आहे म्हणजे राज्य आहे. इ.स.पू. २०० मध्ये ह्याच मोदूने चीनच्या हान घराण्याचा सम्राट गाओझू याला बाइदंगच्या टेकडीवर ७ दिवस कोंडून ठेवलं होतं, आजच्या दातोंग शहराजवळ. चिनी इतिहासात लिहिलंय की पश्चिमेला सगळे पांढरे घोडे, उत्तरेला काळे, दक्षिणेला तांबडे, पूर्वेला करडे. आकडा फुगवलेला असेल पण ज्याला घोडे रंगावारी वेगळे काढता येतात त्याला टोळीचा म्होरक्या म्हणणं मला पटत नाही.

आणि जिंकल्यावर काय मिळायचं, तर कळप, कुरणं आणि माणसं, त्यातही माणसं महत्त्वाची. शिओंगनूंचा रिवाज होता की शत्रूचं डोकं आणलं की एक पेला दारू मिळे, लूट ज्याची त्याची, पकडलेली माणसं पकडणाऱ्याची गुलाम, आणि लढाईत पडलेल्या साथीदाराचं प्रेत जो परत आणेल त्याला त्या मेलेल्याची सगळी मालमत्ता. म्हणजे साध्या स्वारालाही मोहीम हा मिळकतीचा मार्ग होता. चंद्र भरत असताना हल्ला, चंद्र उतरायला लागला की माघार. पळून जाण्यात लाज मानत नसत, डाव अंगाशी येतोय असं दिसलं की निघायचं. इ.स.पू. १७६ मध्ये मोदूने हान सम्राट वनदीला पत्र पाठवलं, त्यात युएची मोडले, लोउलान, वूसुन आणि आजूबाजूचे वीसच्या वर देश ताब्यात आले असं सांगून तो म्हणतो की धनुष्य ओढणारे सगळे लोक आता एका घरातले झालेत. सगळं ह्यातच आलं. हरलेल्यातल्या धनुष्यवाल्यांना आपल्यात घ्यायचं, आणि ज्यांना ते मान्य नाही त्यांच्यापुढे निघून जाणं एवढाच रस्ता.

मोदू इ.स.पू. १७४ मध्ये गेला. त्याचा मुलगा लाओशांग, त्याने युएचींच्या राजाला मारलं आणि त्याच्या कवटीचा पेला केला. तेव्हा युएची उठले. थोडे लोक छिलिएनच्या डोंगरात च्यांग लोकांच्या आसऱ्याला राहिले ते छोटे युएची. बाकीचे पश्चिमेला इली नदीच्या खोऱ्यात गेले, सरळ अंतर धरलं तरी हजार-बाराशे किलोमीटर. तिथे आधीपासून कोण राहत होतं, तर शक. पुढचं उद्या लिहितो, हात दुखले.

अल्माटी_डायरी

माळरान दादा, जबरदस्त लिहिलंय. मी मूळचा सांगलीचा, अल्माटीला एमबीबीएसच्या चौथ्या वर्षाला आहे, इली नदी इथून अगदी जवळ म्हणून राहवलं नाही.

गोवर्धनकर ताई, तुमच्या लेकीला हे नक्की सांगा की इथे शहराच्या मोठ्या चौकात स्वातंत्र्याचा स्तंभ आहे आणि त्याच्या टोकावर जो योद्धा उभा आहे तो शक आहे! पंख असलेल्या हिमबिबट्यावर उभा. अल्माटीपासून साधारण ५० किलोमीटरवर एसिक गावापाशी १९६९-७० मध्ये एका थडग्याच्या टेकाडात सापडला, अंगावर जवळपास ४,००० सोन्याचे तुकडे, उंच टोकदार टोपी. इथे त्याला सोन्याचा माणूस म्हणतात. पहिल्या वर्षी मला कोणीतरी सांगितलं की हा साका आहे, तर मला लगेच घरचं पंचांग आठवलं, शके अमुक अमुक, आणि अंगावर काटा आला. मी जो शब्द लहानपणापासून वाचत आलो त्या शब्दाची माणसं इथली होती.

इलीचं खोरं सगळ्यांना का हवं होतं ते इथे आल्यावर कळतं. थिएनशानच्या रांगांमध्ये हे खोरं पश्चिमेला उघडं आहे त्यामुळे पश्चिमेकडून येणारा ओलावा आत शिरतो आणि अडतो. आजूबाजूला मैलोन्‌मैल कोरडं आणि हे मात्र हिरवं. जूनमध्ये वरच्या कुरणांवर गेलात तर गवत गुडघ्याच्या वर असतं. इथे उन्हाळ्याच्या कुरणाला जायलाऊ म्हणतात आणि हिवाळ्याच्या मुक्कामाला किस्ताऊ. दादांनी जे वाटांचं लिहिलं ते अजून भाषेत शिल्लक आहे.

आणि एक गोष्ट जी पुस्तकं वाचताना माझ्या लक्षात आली नव्हती ती म्हणजे हिवाळा. आमच्या हॉस्टेलशेजारी एक आजी राहतात, त्यांच्याकडून जूट हा शब्द ऐकला. बर्फ पडतो, मग मध्येच ऊब येऊन तो थोडा वितळतो, आणि परत गोठला की गवतावर काचेसारखा कडक थर बसतो. घोडा खुराने तो थर फोडून खालचं गवत खातो, मेंढ्या घोड्यांच्या मागून जाऊन उरलेलं खातात, पण थर जाड असला तर घोडाही हरतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांत अख्खा कळप आडवा. आजी हे सांगताना हळू आवाजात सांगतात, जणू घरातलं कोणी गेलंय. त्यामुळे मला वाटतं की ह्या राज्यांचा खरा कणा किती स्वार आहेत ह्यापेक्षा हिवाळ्यात किती जनावरं तगतात हा होता.

ह्याचा दाखला पण आहे. इ.स.पू. ७१ च्या सुमारास एका हिवाळ्यात शिओंगनूंचा चानयू स्वतः १०,००० स्वार घेऊन वूसुनांवर आला, लूट मिळाली, परत निघाला आणि बर्फ सुरू झाला, एका दिवसात माणूस बुडेल एवढा. माणसं आणि जनावरं गोठून मेली, दहातला एकही धड परतला नाही असं चिनी नोंद सांगते. आणि मग काय, शिओंगनू अडचणीत आलेत हे बघून उत्तरेकडून दिंगलिंग, पूर्वेकडून वूहुआन, पश्चिमेकडून वूसुन, तिघंही तुटून पडले. त्याच्या आदल्याच मोहिमेत वूसुनांनी हानच्या मदतीने त्यांची ३९,००० माणसं आणि ७ लाखांवर जनावरं ओढून नेली होती. ७ लाख जनावरं गेल्यावर आणि वरून असा हिवाळा पडल्यावर कुठलं साम्राज्य उभं राहणार.

नाणेसंग्रह

चर्चा आवडली पण एक गोष्ट खटकतेय म्हणून स्पष्ट लिहितो. शिओंगनूंनी युएचींना ढकललं, युएचींनी शकांना, शक आले नाशिकला, असं एकाला एक लागून सरळ सांगितलं की ऐकायला छान वाटतं आणि शाळेतल्या मुलाच्या डोक्यात कायमचं बसतं, म्हणूनच सावध राहायला हवं.

पहिलं म्हणजे शक हा एक समाज नव्हता. इराणचा सम्राट दारयवहु याच्या शिलालेखांतच दोन-तीन प्रकारचे शक आहेत, त्यातले एक उंच टोकदार टोपीवाले, आणि ते ह्या सगळ्याच्या ३०० वर्षांहून आधीचे. दुसरं, इलीतून निघालेल्या शकांबद्दल चिनी नोंद म्हणते की त्यांचा राजा दक्षिणेला गेला, डोंगरातली अवघड लोंबती वाट ओलांडून जिबिनला, म्हणजे काश्मीर-गांधाराच्या बाजूला. पण शकांचे दुसरे लोंढे पश्चिमेने इराणच्या कडेवर आदळले आणि तिथे काय झालं ते फार महत्त्वाचं आहे. पार्थियाचा, म्हणजे तेव्हाच्या इराणचा, राजा दुसरा फ्रात, त्याने सेल्युकसच्या वंशातल्या अंतियोकाशी लढायला शक भाड्याने बोलावले, ते पोचेपर्यंत लढाई संपलेली, तो म्हणाला पैसे देणार नाही, शकांनी त्याचाच मुलूख लुटायला घेतला, आणि इ.स.पू. १२८ च्या सुमारास त्यांच्याशी लढताना तो मारला गेला. त्याच्या सैन्यातले पकडून आणलेले ग्रीक ऐन वेळी उलटले होते. त्याच्यामागून गादीवर आलेला अर्तबानही पूर्वेकडच्या भटक्यांशी लढतानाच गेला. मग दुसऱ्या मिथ्रदाताने घडी बसवली आणि शक जिथे स्थिरावले त्या मुलखाचं नाव पडलं शकस्तान, आजचं सीस्तान.

आता आपल्याकडचा शक राजा नहपान. तो स्वतःला क्षत्रप म्हणवतो, ही इराणी पदवी आहे, गवताळ प्रदेशातली नाही. त्याची चांदीची नाणी हातात घेऊन पाहिलीत तर एका बाजूला ग्रीक वळणाचा मुखवटा आणि ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला ब्राह्मी आणि खरोष्ठी. इली सुटून तोपर्यंत २०० वर्षांच्या वर झाली होती. नाशिकच्या दहा नंबरच्या लेण्यात त्याचा जावई उषवदात ३,००,००० गाई दान देतो, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे म्हणजे संघाकडे कार्षापणं, म्हणजे तेव्हाची नाणी, व्याजाने ठेवतो, भिक्षूंना त्यातून वस्त्रं मिळावीत म्हणून. हा माणूस कोणाचा नातू-पणतू असला तरी आता इथला दानशूर जहागीरदार आहे. तेव्हा लेकीला सांगताना हा मधला २०० वर्षांचा पट्टा गाळू नका.

मात्र एक कबूल करतो. नहपानाच्या नाण्याच्या मागच्या बाजूला मध्ये काय आहे, तर बाण आणि वज्र. इतकी भाषा बदलली, धर्म बदलला, पण बाण नाण्यावर राहिला. मी ते नाणं पाहतो तेव्हा दर वेळी त्या बाणापाशी थांबतो.

गोवर्धनकर

बाप रे, एवढं सगळं! तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री लेकीला वाचून दाखवलं, शीळवाल्या बाणाच्या गोष्टीवर ती एकदम गप्प झाली आणि मग म्हणाली त्या बायकोचं नाव कोणी का लिहिलं नाही. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिचे अजून दोन प्रश्न आहेत, युएचींच्या राजाची कवटी गेली तर त्यांनी परत येऊन सूड का नाही घेतला? आणि वूसुन म्हणजे कोण, शिओंगनूंच्या बाजूचे की विरुद्ध?

माळरान

नाणेसंग्रह यांचं म्हणणं मान्य, मी इलीपर्यंतच आलो होतो आणि पुढे घाई केली नसती तरी त्यांनी सीस्तानचा भाग लिहिला ते बरं झालं. पण तरी ढकलाढकली झालीच नाही असं म्हणू नका. फ्रात आणि अर्तबान पाच-सहा वर्षांच्या अंतराने भटक्यांकडून मारले जातात आणि नेमक्या त्याच काळात युएची आमू दर्या नदीच्या काठी पोचलेले असतात, हा योगायोग म्हणून सोडून द्यायला मी तयार नाही.

आता वूसुन. ह्यांची गोष्ट सगळ्यात हृदयाला भिडणारी आहे. ते मुळात युएचींचे गान्सूतलेच शेजारी, लहान समाज. त्यांचा राजा मारला गेला. कोणी मारला ह्यावर दोन चिनी ग्रंथांत मेळ नाही, जुना म्हणतो शिओंगनूंनी, नंतरचा म्हणतो युएचींनी. तान्हा राजपुत्र माळावर पडला होता, कावळे त्याला मांस आणून देत आणि लांडगीण दूध पाजे, ते बघून चानयूला वाटलं ह्याच्यात दैवी काही आहे, त्याने त्याला वाढवलं. लांडगिणीचं सोडा, पण शत्रूचा अनाथ मुलगा सांभाळून मोठा करायचा, त्याला त्याचे लोक परत द्यायचे आणि मग त्याला आपल्या जुन्या शत्रूवर सोडायचं, हे पक्कं राजकारण आहे. मोठा झाल्यावर तो इलीत युएचींवर चालून गेला, इ.स.पू. १३३-१३२ च्या सुमाराला, आणि बापाचा बदला म्हणून त्यांना तिथूनही उठवलं. युएची परत तेवढंच अंतर चालून आमू दर्यापाशी. आणि वूसुन इलीत बसले ते बसलेच, चानयू मेल्यावर त्यांनी शिओंगनूंच्या दरबारी हजेरी लावणं बंद केलं. पुढे नोंद मिळते ती ६,३०,००० लोक आणि १,८८,८०० लढणारे अशी. म्हणजे वर अल्माटीकरांनी ज्यांच्याबद्दल लिहिलं, शिओंगनूंची ३९,००० माणसं ओढून नेणारे, ते ह्याच शिओंगनूंनी वाढवलेल्या मुलाच्या घराण्याचे लोक.

सुडाचा प्रश्न हान सम्राट वूदीलाही पडला होता. त्याला वाटलं युएची चिडलेले असणार, त्यांच्याशी हात मिळवू. इ.स.पू. १३८ च्या आसपास त्याने चांग छिएन नावाच्या माणसाला शंभराहून जास्त लोक देऊन पाठवलं. शिओंगनूंनी वाटेतच पकडला, दहा वर्षं अडकवून ठेवला, तिथे लग्न झालं, मुलगा झाला, तरी सम्राटाने दिलेली दूताची काठी त्याने सोडली नाही. निसटून युएचींपर्यंत पोचला इ.स.पू. १२८ ला. तेव्हा ते आमू दर्याच्या उत्तरेला होते, बॅक्ट्रिया, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानाचा भाग, त्यांच्या ताब्यात, जमीन सुपीक, त्रास देणारं कोणी नाही. चिनी लेखक लिहितो की त्यांना आता सूड घ्यायची इच्छाच उरली नव्हती. वर्षभर थांबून तो रिकाम्या हाताने निघाला, परतताना पुन्हा पकडला गेला, पुन्हा निसटला, आणि घरी पोचला तेव्हा शंभरांतले स्वतः धरून दोघंच, आणि सोबत ती बायको.

मला युएचींचं हे वागणं शहाणपणाचं वाटतं. दोनदा घर उठलेले लोक तिसऱ्यांदा मुलाबाळांना घेऊन कशाला परत जातील. त्यांचेच पाच सरदार, त्यातलं एक घराणं कुषाण, आणि त्याच घराण्यात पुढे कनिष्क.

ती कवटी मात्र राहिली. शंभराहून जास्त वर्षांनी शिओंगनूंच्या हुहानये चानयूने हानच्या दूतांबरोबर शपथ घेतली तेव्हा पांढरा घोडा मारून त्याचं रक्त त्याच पेल्यातून प्यायले, अशी नोंद आहे. एवढी वर्षं ती वस्तू जपून एका चानयूकडून दुसऱ्याकडे जात राहिली.

नाणेसंग्रह

माळरान, पाच-सहा वर्षांचा मुद्दा बिनतोड आहे, मागे घेतो. ताई, परत लेण्यांवर गेलात तर दहा नंबरच्या व्हरांड्यात उषवदाताचे लेख बघा आणि मग तीन नंबरमध्ये दाराच्या वरचा बलश्रीचा. गौतमीपुत्राचा मुलगा पुळुमावी याच्या राज्याच्या १९ व्या वर्षी कोरलेला आहे, गौतमीपुत्र गेल्यानंतर त्याच्या आईने. त्यात खखरात वंश समूळ नाहीसा केला असं आहे, तो खखरात म्हणजेच नहपानाचा क्षहरात वंश. आणि नाशिक जिल्ह्यातच जोगळटेंभीला १९०६ मध्ये १३,००० च्या वर चांदीची नाणी सापडली, सगळी मुळात नहपानाची, पण त्यातल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने परत स्वतःचा छाप मारलेला. काही नाण्यांवर नवीन ठशाच्या खालून जुना मुखवटा अजून दिसतो.

गोवर्धनकर

ह्या रविवारी परत जातोय. लेकीने वहीत नकाशा काढलाय, गान्सूपासून नाशिकपर्यंत, मध्ये सीस्तानला लाल गोल करून बाजूला २०० वर्षं असं लिहिलंय. जोगळटेंभीची नाणी आता कुठे बघायला मिळतील ते कोणाला माहीत असेल तर सांगा, तिला तो बाण बघायचाय.